रिकामी कडी

संध्याकाळी कामावरून परतताना जिन्याच्या वळणावरूनच त्याला आपल्या दाराच्या कडीला बांधलेली पिवळी पट्टी दिसली, आणि पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा की आतलं माणूस अजून उठलेलं नाही. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. या घरात तो एकटाच राहत होता. तेव्हा उठलेलं नाही ते कोण, याचं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर एका हातात रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात किल्ली घेऊन जिन्यात उभं होतं. एखाद्या शहाण्या माणसाने अशा वेळी स्वतःशीच हसून 'सकाळी काढायची विसरलो वाटतं' म्हटलं असतं आणि पट्टी सोडून खिशात घातली असती. तोही शहाणाच होता, निदान आजवर कोणी त्याला वेडा म्हटलं नव्हतं. पण हात पट्टीकडे जाईना. शेवटी त्याने बेल वाजवली. स्वतःच्याच दाराची. वाजवल्याबरोबर लाज वाटून त्याने जिन्यात वर-खाली बघितलं, आणि लाज वाटूनसुद्धा, आत काही हलतंय का म्हणून कान देऊन उभा राहिला.

पट्टीची हकीकत अशी. त्या इमारतीत बहुतेक एकेकटीच माणसं राहत. कोणी तसं ठरवलं नव्हतं. खोल्या लहान होत्या, त्यांत संसार मावत नसत, संसारातून उरलेली माणसं तेवढी मावत. सगळ्यात वर गच्चीखालच्या खोलीत एक टायपिस्ट राहायचा. तो वारला आणि वारल्याचं कोणाला कळलंच नाही. वास सुटला तेव्हा प्रत्येकाला वाटलं की आपलीच मोरी तुंबली असणार, आणि शेजारच्यांच्या लक्षात यायच्या आत म्हणून जो तो गुपचूप आपापल्या मोरीत फिनेल ओतत राहिला. सगळा जिना फिनेलने भरून गेला आणि वर तो बिचारा तसाच. मग दार फोडलं, पोलीस आले, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं सगळे म्हणू लागले, काय शांत माणूस होता. शांत तर होताच. त्यानंतर सगळे जिन्यातच जमले, कोणी पायरीवर बसून, कोणी कठड्याला टेकून, आणि कवळीवाल्याच्या बरोबर खालच्या खोलीतल्या शिवणताई म्हणाल्या की झालं ते झालं, पण पुन्हा फिनेल ओतायची पाळी नको. कपडे शिवणीत आत घेऊन किंवा सैल करून द्यायचा त्यांचा धंदा. कोणाच्या तरी पडद्यांतून उरलेलं पिवळं कापड घरात होतं; त्याच्या पट्ट्या कापून, कडा दुमडून त्यांनी दारोदार वाटल्या. रात्री झोपताना पट्टी बाहेरच्या कडीला बांधायची, सकाळी उठलं की आत घ्यायची. ज्याने त्याने सकाळी आपल्या वरच्याच्या दाराकडे एकदा बघायचं. कडी रिकामी असली की माणूस उठला, आपण आपल्या कामाला लागायचं. पट्टी तशीच असली तर बेल वाजवून विचारायचं, 'आहात का?' आतल्याने दार उघडायचीही गरज नाही, 'आहे' म्हटलं की पुरे. उत्तर आलंच नाही तर मग कामाच्या ठिकाणी फोन, आणि तिथेही नसेल तर कुलूपवाला. कोणी कोणाच्या घरात डोकवायला नको, ही सोय सगळ्यांनाच आवडली. तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी शिवणताईंकडे बघायचं, शिवणताईंनी त्याच्याकडे, त्याने वरच्या ड्रायव्हरकाकांकडे, आणि ड्रायव्हरकाकांनी सकाळी फिरायला जाताना नर्सबाईंकडे. पुढे नर्सबाई मुलीकडे राहायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला सगळे खाली उतरले होते, शिवणताईंनी त्यांना प्रवासासाठी पिशवी शिवून दिली होती, आणि नर्सबाईंच्या खोलीला कुलूप लागलं.

म्हणजे आज सकाळी शिवणताईंनी वर येऊन त्याच्या दाराकडे बघायला हवं होतं. पट्टी दिसली असती. बेल वाजवली असती, आतून उत्तर नाही, मग त्याच्या कामावर फोन आला असता आणि तो ओशाळून म्हणाला असता, 'आहे, आहे, विसरलो.' फोन आला नव्हता. दिवसभर पट्टी तिथे लोंबत होती आणि सगळी इमारत तिच्या शेजारून वर गेली, खाली आली. त्याने दार उघडलं, पट्टी तशीच राहू दिली, आत जाऊन दिवा न लावता पलंगावर बसला. भीती वाटत होती. कशाची, ते धड सांगता आलं नसतं. मेल्याची भीती म्हणावी तर तो मेला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कोणीतरी तसं म्हणणं यात फरक असतो, आणि तो फरक त्याला आज पहिल्यांदाच पायाखाली जाणवला. दिवसभरात आपण कोणाशी बोललो, ते तो आठवू लागला. त्याचं काम कवळ्या करायचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, तो त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा, डबीत घालून पाठवून द्यायचा. माणसं तिकडे डॉक्टरकडेच राहत, त्याच्याकडे त्यांचे नुसते जबडे येत. आयुष्यभर त्याने शेकडो माणसांना हसण्याची सोय करून दिली, त्यांतलं एकही हसताना बघितलं नाही. म्हणून इमारतीत त्याला कवळीवालेच म्हणत. शिवणताई तर जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, 'काय कवळीवाले, आमचे दात पडायची वाट बघताय वाटतं,' आणि तो म्हणायचा, 'सवलतीत करून देईन.' हा विनोद दोघांनी इतक्यांदा केला होता की आता तो विनोद राहिला नव्हता, रामराम झाला होता. पण आज? आज सकाळी डॉक्टरकडचा माणूस ठसे ठेवून गेला, त्याला आपण 'ठेव' म्हणालो की नुसतं बोट दाखवलं? दुपारी शेजारच्या टेबलावरचा मीठ मागायला आला, तेव्हा आपण डबी पुढे सरकवली, तोंडाने काही म्हटलं का? आठवेना. त्याने अंधारात तोंड उघडलं आणि काहीतरी बोलून बघावं म्हणून घसा खाकरला. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून तो तसाच बसून राहिला.

आई होती तेव्हा ही अडचण नव्हती. किल्ली कुलुपात फिरली रे फिरली की आतून आवाज यायचा, 'आलास का?' रोज. थंडी असो, ताप असो, भांडण झालेलं असो. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? समोर दिसतोय तो माणूस आलाय की नाही, हे विचारण्यात काय हशील? तरुणपणी त्याच्या डोक्यात तिडीक जायची. 'नाही, चोर आलाय,' तो म्हणायचा, आणि आई म्हणायची, 'मग चोरा, पाय धुऊन ये.' शेवटी-शेवटी तिला दिसेनासं झालं होतं, ऐकूही कमी यायचं, पण किल्लीचा तो आवाज तिला कसा कोण जाणे, बरोबर ऐकू यायचा. ती गेली त्यानंतर पहिल्यांदा दार उघडून आत आला तेव्हा तो उंबऱ्यातच थांबला होता. प्रश्न आला नाही म्हणून आत जाता येईना. आपण आलो की नाही, हे मग ठरवणार कोण? तेव्हा तो स्वतःवरच वैतागला होता, पाय आपटत आत गेला होता, रेडिओ लावला होता. तेव्हापासून घरी आलं की पहिल्यांदा रेडिओ, मग दिवा, मग चपला. पण रेडिओ कोणालाच विचारत नाही, आलास का.

आणि इथे त्याने ती गोष्ट केली. तिला मूर्खपणा म्हणा, रुसवा म्हणा, पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभणारी मुळीच नव्हती. पट्टी काढायची नाही, असं त्याने ठरवलं. बघू या, कोण कधी येतं ते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, कामावर जायचं नव्हतं, घरातून बाहेर पडायचं काही कारण नव्हतं. तो घरातच राहणार होता आणि नसल्यासारखा राहणार होता. परीक्षा घ्यायची तर ती प्रामाणिक हवी, लबाडी नको, म्हणून सकाळी उठल्यावर त्याने चपला घातल्या नाहीत, अनवाणीच चालला. रेडिओ लावला नाही. नळ धो-धो सोडला तर खाली पाइपात आवाज जातो, म्हणून रात्रीच भरून ठेवलेल्या बादलीतून तांब्या-तांब्याने पाणी घेतलं, तेही कडेकडेने ओतत. चहाची तल्लफ आली ती मारली, कारण लायटरचा कट्‌कट्‌ आवाज. खुर्ची ओढायची नाही, म्हणून पलंगावरच. मेलेल्या माणसाला इतकी काळजी घ्यावी लागत नसणार, हे त्याच्याही ध्यानात आलं आणि त्याला हसू आलं, पण हसण्याचाही आवाज होतो म्हणून ते त्याने उशीत दाबलं. उशीतून तोंड वर काढलं तेव्हा हसू गेलेलं होतं.

सकाळभर तो ऐकत राहिला. ऐकायला लागलं की कळतं, घर किती बोलतं. भिंतीतल्या पाइपातून कोणाची तरी अंघोळ वाहून गेली. वर ड्रायव्हरकाका खोकले, त्यांनी काहीतरी पाडलं, कोणाला तरी शिवी दिली. घरात दुसरं कोणी नव्हतंच, म्हणजे पडलेल्या वस्तूलाच. मग त्यांचा जाडा बूट जिन्यावरून उतरू लागला. एक पायरी, दम, एक पायरी, दम. त्याने श्वास धरून ठेवला. बूट त्याच्या दाराशी आला. आता बघतील. नेमाप्रमाणे ते त्यांचं काम नव्हतं, पण माणूस आहे, डोळे आहेत, पिवळा रंग तर आंधळ्यालाही दिसावा असा. बूट थांबला. दम घेण्यासाठी थांबला असेल. आणि मग तो खाली उतरत गेला, आणि त्याला एकाच वेळी जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं आणि तोंडात मारल्यासारखंही. कारण ते आले असते तर काय तोंड दाखवलं असतं? अनवाणी, दाढी वाढलेली, अंगावर कालचाच शर्ट, 'आहे' म्हणायला बसलेला. आणि नाही आले, तर? आज नाही, उद्या नाही. उद्या तो कामावर गेला नाही तर डॉक्टर दुसऱ्या कोणाकडून तरी कवळ्या करून घेतील, दोन दिवस चिडतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. त्याच्या मनात टायपिस्ट आला. इतके दिवस टायपिस्टची आठवण म्हणजे वास आणि फिनेल. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की तोसुद्धा आधी असाच बसला असेल. मरायच्या आधी. काही दुखत नसताना, पलंगाच्या कडेला, कोणाचा बूट थांबतो का ते ऐकत. मरण त्याला नंतर आलं असेल, सावकाश. आधी नुसतं थांबणं आलं असेल. त्याने आपल्या हाताकडे बघितलं. प्लास्टरने कायमच्या पांढरट झालेल्या बोटांच्या पेरांकडे बघितलं, आणि हा हात आपला आहे याची खात्री पटायला त्याला तो हलवून बघावा लागला. हा खेळ थांबवावा, उठावं, नळ सोडावा, मोठ्याने गाणं म्हणावं, असं वाटलं, पण उठवेना. हातपाय जड झाले होते. थट्टेत मेलेला माणूस थट्टेतच राहतो असं थोडंच आहे.

दुपार झाली. रस्त्यावरचा गलका कमी झाला, इमारत जेवून सुस्तावली, आणि तो ज्या शांततेची राखण करत होता ती शांतता इतकी साफ झाली की तिला पडलेलं भोक त्याला ऐकू आलं. काहीतरी नव्हतं. तो भुवया आकसून ते काय नाही ते शोधू लागला. अनवाणी पाय फरशीवर टेकलेले होते आणि फरशी थंड, निश्चल होती. मग त्याला कळलं. मशीन. शिवणताईंचं मशीन दुपारी चालायचं. बरोबर त्याच्या पलंगाखाली, त्यांच्या खिडकीशी. तो नवीन राहायला आला तेव्हा तळपायांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, घरघर, थांबा, घरघर, थांबा. एकदा तक्रार करायलाही निघाला होता, पण आई म्हणाली होती, असू दे रे, खाली कोणीतरी आहे एवढं तरी कळतं. मग सवय झाली. सुट्टीच्या दिवशी त्या घरघरीवरच त्याला दुपारची झोप लागायची. आज नाही. मागच्या सुट्टीला होती का? त्याच्या मागच्या? त्याने डोकं धरलं. तेव्हा तर रेडिओ चालू होता. रेडिओ नेहमीच चालू असतो. मेल्यासारखा बसला नसता तर हे त्याला आजही कळलं नसतं.

आता त्याला एकेक आठवू लागलं, आणि आठवेल तसतसं भीतीने तोंड फिरवलं. कालपासून ती त्याच्याकडे बघत होती, आता खाली बघू लागली. शिवणताई जिन्यात शेवटच्या भेटल्या तेव्हा त्यांनी दातांचा विनोद केला नव्हता. कठड्याला धरून उभ्या होत्या. त्याच्या कमरेकडे बघून म्हणाल्या होत्या, 'पँट ढगळ झालीय तुमची, आणून द्या, आत घेते.' तो 'बघू' म्हणून वर निघाला, तेव्हा मागून म्हणाल्या, 'घाई आहे का?' घाई कसली होती त्याला? त्याने घड्याळाकडे बघितलं होतं. ज्याची वाट बघणारं कोणी नाही त्यालाच घड्याळाकडे बघायची फार हौस. आणि त्याची पट्टी कालपासून लोंबतेय ती कोणी बघितली नाही म्हणजे कोणी बघितली नाही? सगळ्यांनी नव्हे. बघायचं काम एकाच माणसाचं होतं. काल संध्याकाळपासून तो 'मला कोणी विचारत नाही' म्हणून गुडघ्यात डोकं घालून बसला होता, आणि ती पट्टी त्याच्याबद्दल काही सांगतच नव्हती. जी बाई रोज सकाळी एक जिना चढून यायची, ती दोन दिवस आलेली नाही, एवढंच ती सांगत होती. आणि त्या बाईच्या दाराकडे कोण बघतं? नर्सबाई. नर्सबाई मुलीकडे. चक्रातला एक दात पडला होता आणि ते कोणाला दिसलं नव्हतं. त्यालाही नाही, ज्याचा धंदाच पडलेल्या दातांचा.

तो उठला. पाय बधिर झाले होते, तसाच अनवाणी दाराशी गेला, कडी काढली. जिना रिकामा होता. शिवणताईंच्या दाराशी उतरला आणि आधी कडीकडे बघितलं. कडी रिकामी होती. पट्टी नव्हती. त्याने सुटकेचा श्वास सोडला. पट्टी आत घेतलेली आहे, माणूस उठलेलं आहे, आपण आपल्या कामाला लागावं. तो दोन पायऱ्या वरही चढला. आणि मग कठड्याला धरून थांबला. सकाळी आत घेतलेली पट्टी आणि रात्री बांधलेलीच नाही ती पट्टी, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींची कडी रिकामीच. ज्याने बांधायचंच सोडलं त्याला ही पट्टी रोज सकाळी जिवंत ठरवणार, वास येईपर्यंत. आणि इतके सगळे पिकल्या केसांचे लोक जिन्यात बसून हा नेम ठरवत होते, त्यांतल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, कारण माणूस बांधायचंच सोडेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

त्याने बेल वाजवली. आत बेल वाजल्याचं ऐकू आलं. पुन्हा वाजवली. मग विचारलं, "आहात का?" आवाज घोगरा, परका आला, दोन दिवसांत पहिल्यांदाच बाहेर पडत होता. आतून काही नाही. त्याने नाक दाराच्या फटीशी नेलं, हुंगलं, आणि आपण काय हुंगतोय ते कळून त्याला रडायला आलं. वास कसलाच नव्हता. बंद खोलीचा, शिळ्या कापडाचा. "शिवणताई," तो म्हणाला, "मी आहे, कवळीवाला. आहात का?"

दाराच्या पलीकडे, अगदी दाराला लागून, काहीतरी सरकलं. माणूस लांब नव्हतं. इतका वेळ ते दाराला पाठ लावून बसलेलं होतं.

"नाही," आतून आवाज आला.

नेमात याला उत्तर नव्हतं. 'आहे' म्हटलं तर निघून जायचं, काहीच म्हटलं नाही तर कुलूपवाला. जिवंत माणसाने 'नाही' म्हटलं तर काय करायचं? धावत जाऊन कोणाला तरी बोलवावं, ड्रायव्हरकाका आले असतील का फिरून, दार फोडावं, पोलीस, डॉक्टर, कोणीही, फक्त आपण नको. ज्याने आयुष्यात नुसते जबडे हाताळले त्याच्याशी असं बोलायचं नसतं. आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं की आपण चार पायऱ्या उतरलो तर आत हे आपलं जाणं ऐकू जाणार, बूट ऐकू आला तसं. तो खाली बसला. दाराला पाठ लावून, अनवाणी पाय पायरीवर सोडून.

"मीसुद्धा नव्हतो," तो म्हणाला. "कालपासून. माझी पट्टी बाहेरच आहे."

मग हळूहळू, अडखळत, दारातून बोलणं येऊ लागलं, त्याच्याशी कमी आणि दाराशीच जास्त. काही झालेलं नव्हतं, त्या म्हणत होत्या. कोणी गेलं नाही, कोणी काही बोललं नाही, त्याचीच तर लाज वाटते. आधी हात उचलेनासे झाले. मशीनवर बसायचं आणि दोरा ओवायचा राहून जायचा. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत. नर्सबाई गेल्यावर एके रात्री पट्टी बांधायला गेल्या आणि वाटलं, कोणासाठी बांधायची? बघायला कोण आहे? म्हणून नाही बांधली. सकाळी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तरी सकाळी त्याच्या दाराशी जाऊन येत होत्या, तेवढं एक काम धरून ठेवलं होतं. आता परवापासून तेही जमत नाही. कडीला हात लावला की छातीत धडधडतं, जिना खालून ओढतोय असं वाटतं, तो ओढतोय याची भीती वाटते आणि कठड्यावरून खाली जावंसं वाटतं याची त्याहून जास्त. म्हणून दाराला पाठ लावून बसलेय. दार उघडू नये म्हणून.

"तुमची पट्टी दिसली नाही मला," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. तुम्ही मेला असता तर?"

"मेलो नाही," तो म्हणाला. त्याला आणखी काही चांगलं सुचायला हवं होतं.

"मेलेल्यांसाठीच शिवल्या होत्या मी त्या. सापडावेत म्हणून. जिवंत माणसासाठी काय शिवायचं, सुचलंच नाही."

खालून ड्रायव्हरकाकांचा बूट येऊ लागला. एक पायरी, दम, एक पायरी, दम. वळणावर आले आणि दाराशी जमिनीवर बसलेला अनवाणी कवळीवाला पाहून थबकले. त्याने ओठांवर बोट ठेवलं नाही, खूण केली नाही. सरळ तोंडाने सांगितलं की शिवणताईंना बरं नाही, उद्या सकाळी डॉक्टरकडे न्यायचं आहे, मनाच्या डॉक्टरकडे, तुमच्या ओळखीची गाडी मिळेल का? हे सगळं त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की दारापलीकडेही जावं. म्हातारा दम खात उभा राहिला. मग म्हणाला की गाडी ओळखीची कशाला, तो स्वतः चालवेल, साऱ्या गावाची बस चालवली आहे त्याने, एका शिवणताई काय जड आहेत. आणि बूट वर निघून गेला, आणि वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हातारा आपलं दार उघडं टाकून जिन्यात खुर्ची घेऊन बसत होता.

"ऐकलंत ना?" तो दाराला म्हणाला. "उद्या सकाळी."

"आणि सकाळपर्यंत?" आतून आवाज आला.

प्रश्न खरा होता. पट्टीचा सगळा कारभार सकाळचा. संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये प्रत्येकजण आपापला. तो उठून उभा राहिला, आणि तो उभा राहिल्याचं पलीकडे कळलं असावं, कारण तिकडेही कापड सळसळलं, कोणीतरी भिंतीला धरून उठलं. कडीशी चाचपडणं झालं, थांबलं. तो मोजदाद न करता थांबून राहिला. मग कडी पडली आणि दार तळहाताएवढं उघडलं. चेहरा दिसला नाही. आत पडदे ओढलेले होते, संध्याकाळ आत आधीच झालेली होती. दार तसंच उघडं ठेवून पावलं सावकाश मागे गेली, खोलीत, पलंगाकडे किंवा मशीनकडे. तो उंबऱ्याबाहेर उभा. आत काय बघावं लागेल, ते ठाऊक नव्हतं. आत गेल्यावर आपल्याकडे जे मागितलं जाईल ते आपल्याजवळ असेल की नाही, तेही नव्हतं. पाय उचलेना. आईनंतर दुसऱ्याच्या घरात तो असा गेलाच नव्हता.

"आलात का?" अंधारातून शिवणताईंनी विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि आत गेला. काळोख होता, पण हे घर त्याच्या घराच्या बरोबर खाली होतं, तशाच भिंती, तसंच दार. दिव्याचं बटण कुठे असणार ते त्याच्या हाताला ठाऊक होतं.